मधली जागा

सन २०२४. माझं वय चौऱ्याहत्तर. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमच्या घरात ठरलं, की हिला एकदा पिक्चरला न्यायचं. ही म्हणजे माझी बायको. तिचे डोळे जात होते.

बेलापूरच्या डॉक्टरनं सांगून टाकलं होतं, की आता डोळ्यात सुई मारून काही उपयोग नाही. "आजी, मधलं दिसणं गेलंय. कडेचं राहील," असं म्हणाला. मी त्यातलं राहील म्हणाला ते धरून बसलो. रिक्षात तिला म्हणालो, "ऐकलंस ना, राहील म्हणतो." ती पदराच्या टोकानं डोळे पुसत बसली. तेव्हा मला वाटलं औषध घातलंय म्हणून पुसते.

नंतर टीव्ही बंद झाला. म्हणजे चालू असायचा, पण ती ऐकायची नुसती. हाताला सवय होती म्हणून तांदळाची भाकरी अजून गोल यायची. अशीच एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मना एकदा मोठा पडदा बगायचा हाय. हायेत तवर."

डोळे हायेत तवर, असं. लग्नाला आमच्या पन्नासाच्या वर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं आपणहून काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हणालो, "जाऊ." आणि मनात म्हणालो, जाऊ तर चांगल्या जागेवर बसून बघू. सगळ्यात चांगल्या.

आता पिक्चरला किती आधी जावं, कुठं बसावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. शिकलो मी तिसरीपर्यंत. पण हे शाळेत शिकवतही नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला पिक्चर बघायचा आहे त्यानं पडदा कोरा असताना तिथं पोचलं पाहिजे. आणि बसायचं ते मधोमध. कडेला बसलं की हिरोचं तोंड काकडीसारखं लांब दिसतं. कडेला बसतात ते उशिरा आलेले.

आमच्या तळवलीत तेव्हा सगळी भातशेती होती. भात कापून खळी उरकली, की रिकाम्या शेतात सिनेमाचा तंबू यायचा. खुर्च्या नसायच्या. ज्यानं त्यानं घरनं गोणपाट न्यायचं आणि अंथरायचं. ज्याचं गोणपाट आधी पडलं त्याची ती जागा. त्यावरनं भांडण झालं तरी गोणपाट कोणी हलवायचं नाही, असा रिवाज होता. कापलेल्या भाताचे खुंट खालून टोचायचे, म्हणून मी दोन गोणपाटं एकावर एक टाकायचो. आणि नुसतं टाकून घरी जाणाऱ्यातला मी नव्हतो. पिक्चर अंधार पडल्यावर, मी दुपारची भाकरी खाऊन जायचो आणि त्यावर बसून राहायचो. तंबूचं वरचं कापड अजून चढवलेलं नसायचं. ऊन डोक्यावर.

माझे भाऊ बांधावरनं ओरडायचे, "काय रे, आजपासून संसार इथंच मांडला का? चूल आणून देऊ?"

मी म्हणायचो, "आणा. रात्री तुम्हाला बसायला जागा मिळाली नाही की तिच्यावर बसा."

लग्नाच्या पहिल्या वर्षी हिला घेऊन गेलो. तेव्हा बाया एका अंगाला, गडी एका अंगाला, असं बसायचे. मी हिला माझ्या शेजारी बसवलं, पडद्याच्या बरोबर समोर. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, नव्या नवरीला मांडीवर घे, अजून उंच दिसेल तिला." सगळा तंबू हसला. ही पदर तोंडावर ओढून बसली. पण मी जागा सोडली नाही.

पुढं जमिनी गेल्या. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने झाले, त्यातल्या एकात मी गेटवर लागलो. तंबू यायचा बंद झाला, कारण तो लावायला शेतच उरलं नाही. मग आम्ही ठाण्याला जायचो, टॉकीजला. तिथंही मी खिडकी उघडायच्या आधी रांगेत. ही बाहेर झाडाखाली चपला काढून बसलेली. कधी पोरं कडेवर, कधी जेवणाचा डबा मांडीवर. आणि आत गेलं की मधोमध. माझं शेत गेलं ते कागदावर अंगठे-सह्या होऊन गेलं, तिथं माझं काही चाललं नाही. पण पडद्यासमोरची मधली जागा माझ्याकडून कोणी घेतली नाही. हे मी अजूनही ताठ मानेनं सांगतो.

तर, तिकीट काढायचं काम सुनेचं. ती बेलापूरला ऑफिसात आहे, आणि अशी कामं फोनवर करते. संध्याकाळी तिनं फोन माझ्यापुढं धरला. त्यात बारीक बारीक चौकोन.

"बाबा, कुठली सीट घेऊ? मागची घेते, मान दुखत नाही."

"पडदा कुठाय यात?"

"ही वरची रेघ म्हणजे पडदा."

मी मधोमध बोट ठेवलं. "ही."

"बाबा, तुमच्या एका बोटाखाली सहा सीट आल्या."

"त्यातल्या मधल्या दोन."

"कडेच्या पण आहेत रिकाम्या. आईंना उठबस करायला बरं पडेल."

"कडेला कशाला? आपण काय उशिरा जाणार आहोत?"

ती हसली आणि दाबलं. "झालं. आता दहा मिनिटं आधी गेलात तरी चालेल. सीट तुमचीच."

"आणि कोणी बसलं म्हणजे?"

"नाही बसत बाबा कोणी, नंबर असतो. की आधी जाऊन गोणपाट टाकून येताय?"

घरात सगळ्यांना माझं गोणपाट माहीत आहे. निघताना मी पिशवीत माझा मोठा टॉवेल घातला. हिनं पिशवीला हात लावून ओळखलं आणि ओठ दाबून हसली.

इथं एक सांगायचं राहिलं. गेले काही महिने मी तिच्याशी बोलायला लागलो, की ती तोंड फिरवायची. सकाळी गॅलरीत चहाला बसलो की माझी खुर्ची तिच्या बरोबर समोर असते, पहिल्यापासून. मी काही बोललो, की ती भिंतीकडं बघायची नाहीतर खाली रस्त्याकडं. मला राग यायचा. माझं काहीतरी तिच्या मनात बसलंय, असं मी धरून चाललो होतो. विचारलं मात्र नाही. ती सांगत नाही तर मी का विचारू?

शो दुपारचा होता. आम्ही रिक्षानं वाशीला मॉलमध्ये पोचलो तेव्हा आमच्या पिक्चरच्या आधीचा पिक्चर आत अर्धाही झाला नव्हता. सरकत्या जिन्याची पायरी तिला दिसेना, पाय पुढं घेऊन परत मागं घ्यायची, मागं माणसं तुंबली. मग लिफ्टनं गेलो. वर दाराशी उभा असलेला पोरगा फोनवरचं तिकीट बघून म्हणाला, "काका, खूपच लवकर आलात. अजून आत सोडत नाही."

"सोडू नका. आम्ही बसतो."

"खाली फिरून या ना. दुकानं आहेत."

"दुकानं बघायला नाही आलो."

बाकावर बसलो. मक्याच्या लाह्यांचा, लोण्याचा वास सुटला होता. थंडी एवढी, की तिनं पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतला. ती तोंड भिंतीकडं करून बसली होती. मला वाटलं, आज तरी नीट समोर बघावं. तेवढ्यात म्हणाली, "त्यो झाडू मारतोय त्याचा सदरा निला हाय ना?"

निळाच होता. पण ती बघत होती भिंतीकडं. मी म्हणालो, "हो," आणि मनात म्हणालो, अंदाजानं बोलते बिचारी.

आत सोडलं तेव्हा आम्हीच पहिले. सगळं थेटर रिकामं. असं रिकामं थेटर बघितलं की मला अजूनही बरं वाटतं. तिचा हात धरून पायऱ्या चढवल्या, मधल्या दोन खुर्च्या शोधल्या आणि टॉवेल काढून दोन्ही खुर्च्यांवर आडवा अंथरला. मग तिला बसवलं, मग मी तिच्या डाव्या हाताला बसलो. पडदा बरोबर समोर. मी म्हणालो, "बघ. याच्यापेक्षा चांगली जागा राजालाही मिळायची नाही."

ती म्हणाली, "व्हय."

लोक येत गेले, बरेचसे अंधार झाल्यावरच आले. फोनचे दिवे लावून नंबर शोधत होते. तिच्या उजवीकडं एक तरुण पोरगा आणि त्याची बायको बसली. पिक्चर सुरू झाला. जुन्या काळातला होता, राजे, किल्ले, घोडे, असा. मोठा आवाज. मी तिच्याकडं पाहिलं, तर ती माझ्याकडं तोंड करून बसलेली. एकटक.

मी म्हणालो, "अगं, पिक्चर समोर चाललाय. माझ्याकडं काय बघतेस?"

ती काहीतरी बोलायला गेली, आवाजात ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणालो, "समोर बघ." तिनं समोर तोंड केलं. थोडा वेळ तशी बसली, मांडीवर हात ठेवून, देवळात बसतात तशी. मग तिची मान हळूहळू उजवीकडं वळली, त्या पोराकडं. पोरगा आधी सरकून बसला. मग वाकून म्हणाला, "आजी, काय झालं? काही हवंय का?"

"नाय बाबा, नाय," म्हणून तिनं पदर तोंडावर घेतला. तंबूतल्यासारखाच.

मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी कडला जाते. भितीपाशी रिकामी हायेत ना खुर्च्या?"

"आपली जागा ही आहे. तिकीट या जागेचं आहे."

"असूंदे. मना हितून नाय दिसत."

"इथून नाही दिसत तर कुठून दिसणार? याच्याहून मध कुठं आहे?"

ती उठली. मी उठलो नाही. लोकांच्या गुडघ्यांना हात लावत, "सरा वाइच, सरा वाइच," म्हणत ती रांगेतनं गेली. पुढचा माणूस चक् चक् करत होता. मी बसून राहिलो. तिची जागा कोणी घेऊ नये म्हणून टॉवेल नीट ताणून ठेवला. पडद्यावर लढाई चालली होती. मला त्यातलं काहीही आठवत नाही. मी भिंतीकडंच बघत होतो, ती पायरीवर पडते की काय म्हणून. भिंतीपाशी एक कोणीतरी बसल्यासारखं दिसलं, ती असावी.

इंटरव्हलला दिवे लागले. तीच होती. पार टोकाच्या खुर्चीत, आणि तोंड भिंतीकडं. सगळं थेटर लाह्या आणायला उठलं होतं आणि ही भिंतीकडं तोंड करून हसत होती. मी टॉवेल गोळा केला आणि तिच्याकडं गेलो.

"भिंतीवर काय आहे बघायला?"

"भितीवर काय नाय. भितीकडं बगितलं की पडदा दिसतो."

मला कळेना. मी उभाच. तिनं हात धरून मला तिच्या मागच्या रांगेतल्या खुर्चीत बसवलं. मी पुढं वाकलो. तेव्हा तिनं सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. "मी ज्याच्याकडं सरळ बगते ना, तिथं काला डाग येतो. भाकरीच्या तव्याएवरा. त्याच्या कडंकडंनं दिसतं. मग जे बगायचं हाय त्याच्यावरनं नजर काडायची. मधे बसून कुटं काडू नजर? तुमच्याकडं केली तर तुमी ओरडता, त्या पोराकडं केली तर त्याला भ्या वाटतं."

"माझ्याकडं बघत होतीस तेव्हा?"

"तवा पिक्चर बगत होते. तुमी नव्हता दिसत."

मला सकाळचा चहा आठवला. "आणि घरी? रस्त्याकडं तोंड करून बसतेस ते?"

"तवा तुमाला बगते," ती म्हणाली. "दुसरं कसं बगू?"

लोक लाह्यांचे डबे घेऊन परत यायला लागले होते. मी विचारलं, "डॉक्टरनं सांगितलं तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुमी रिक्षात केवडे खूश झालता. राहील म्हनाला, राहील म्हनाला."

मग ती आपणहूनच बोलत राहिली. इतकी ती बोलत नाही. म्हणाली, तिच्या माहेरी, उलव्याला, जत्रेत दोन बांबूंना कापड बांधून पिक्चर दाखवायचे. समोर सगळा गाव. ही आणि तिच्या बहिणी कापडाच्या मागं जाऊन बसायच्या, खाडीच्या अंगाला. तिथून सगळं उलटं दिसायचं. सगळे डाव्या हातानं जेवायचे, डाव्या हातानं तलवार धरायचे. वारा यायचा, पाय पसरायला जागा असायची, कंटाळा आला तर उठून जाता यायचं. "मना त्येच आवडायचं. कडंचं, मागचं. मधे बसलं की मना कोंडल्यावानी व्हायचं. तंबूत तर जीवच घाबरायचा."

"मग मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी दुपारधरनं उनात बसायचा गोनपाटावर," ती म्हणाली. "कसं सांगायचं?"

दिवे गेले. उरलेला पिक्चर आम्ही तिथूनच पाहिला. मागच्या रांगेतल्या खुर्चीत मी, पुढं ती. मला सगळे लांबडे दिसत होते, जसे दिसणार हे मला माहीत होतं तसेच. तिची मान भिंतीकडं, आणि लोक हसायचे तिथं ती हसायची, कधी कधी लोकांच्या आधी. एकदा पडद्यावर खूप मोठं पिकलेलं शेत आलं. भाताचं. वाऱ्यानं सगळं एका अंगाला वाकत होतं आणि परत उभं राहत होतं. तसं शेत मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. ती मागं हात करून माझा गुडघा चाचपडत म्हणाली, "पानी हाय ना ते? खाडीचं? कसं हालतंय बगा."

चुकीला चूक म्हणायची माझी सवय आहे. सगळं घर त्याला कंटाळलेलं आहे. मी म्हणालो, "हो. खाडी आहे."

"भरती लागलीय," ती म्हणाली.

सुटल्यावर लिफ्टपाशी तो उजवीकडचा पोरगा भेटला. म्हणाला, "आजी, तिकडं कडेला जाऊन बसलात? मधली जागा सोडून?" तिनं त्याच्या आवाजाच्या बाजूला तोंड केलं, मग जरा बाजूला फिरवलं आणि म्हणाली, "नाकात चमकी हाय ना तुज्या बायकोच्या? बरी दिसते." पोरगी लाजली. मी टॉवेलाची घडी करत उभा होतो. ती घडी काही केल्या नीट बसेना.

घरी सुनेनं विचारलं, "बाबा, सीट कशी होती?"

मी म्हणालो, "चांगली होती."

"आई, दिसलं का?"

"दिसलं, दिसलं. घोडे दिसले, खाडी दिसली." सून माझ्याकडं बघायला लागली. मी पाय धुवायला आत गेलो. आतून ऐकू येत होतं, ही तिला म्हणत होती, "पुडच्या टायमाला पन नेतील. तवर राहतील का नाय डोले, कोन जाने." भांड्यांचा आवाज तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी मी गॅलरीत गेलो. माझी खुर्ची तिच्या खुर्चीसमोरून उचलली आणि डाव्या अंगाला, कठड्याला चिकटवून ठेवली. लोखंडाची खुर्ची आहे, पहिल्या ठिकाणी फरशीवर पायांच्या गंजाचे डाग पडलेत. ती कप घेऊन आली, सवयीनं समोर कप पुढं केला, तिथं कोणी नाही. मी म्हणालो, "इकडं आहे." ती बसली. रस्त्याकडं तोंड केलं. बराच वेळ तशी बसली आणि मी रागावलो नाही, तसाच तिच्या नजरेच्या कडेला बसून राहिलो.

"दाडी किती वाडलीय तुमची," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. "पांडरी फटक. न्हाव्याकडं जा आज."

मी चहा संपवला आणि लगेच गेलो. दुकान अजून उघडलं नव्हतं. मी पायरीवर बसून राहिलो.